दोन मुळांचं पिल्लू

आचरा,
१२ ऑगस्ट २०२४

चि. अक्षया हिस,

अनेक आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहायला हात गेला होता, तो आवरला. माझं पत्र बघून तुला राग येईल. फाडायचं असेल तर फाड, पण आधी झाडाचं तेवढं वाच.

तुझा नवीन फोन नंबर माझ्याकडे नाही. असता तरी माझा फोन सुदेश बघतो. म्हणून तुझ्या माहेरच्या पत्त्यावर लिहिते आहे. उत्तर लिहिलंस तर बिनघोर टाक. पोस्टमन दुपारी येतो आणि सुदेश तेव्हा तारकर्लीला बोटीवर असतो.

तुझ्या ऑर्किडचं सांगायचं आहे. तू गेल्यावर ते दीड वर्ष स्वैपाकघराच्या खिडकीबाहेर टांगलेलं होतं तसंच होतं. मी कधी पाणी घालायची, कधी विसरायची. तरी जांभळी फुलं आली होती दोन वेळा. मे महिन्यात तुझं आणि सुदेशचं कोर्टाचं संपलं, त्यानंतर मी ते तिथून काढलं. कोळशाच्या तुकड्यांत झाड किती दिवस जगेल, असं मनात आलं आणि मोठ्या कुंडीत लाल माती, शेणखत घालून लावलं. मागच्या दारी ठेवलं. माझ्या हाताने लावलेलं कधी काही मेलं नाही हे तुला ठाऊक आहे. अबोली काय, जास्वंद काय, काठी खोचली तरी फुटते. त्या भरवशावर मी गेले आणि झाड कुजवलं. पावसाने मातीचा चिखल झाला. एकेक कांडी पिवळी पडून मऊ झाली. काल उपटून बघितलं तर खाली मुळं नव्हतीच, नुसता काळा लगदा.

पण एका कांडीच्या शेंड्याला छोटं पिल्लू फुटलेलं आहे. तीन पानं आहेत, तीही सुरकुतलेली. मुळं दोनच. त्यातलं एक निम्मं काळं झालंय. त्याला वाचवायचं कसं ते मला कळत नाही आणि या गावात कोणालाच कळत नाही. शेजारची शेवंती म्हणते, 'टाकून दे गो, बाजारात दुसरा मेळता.' मला दुसरं नको आहे.

काय करायचं ते दोन ओळीत कळव. हात कसा आहे? पावसात ठणकतो का?

यशोदा


बांदा,
१९ ऑगस्ट २०२४

ती. आई,

पत्र मिळालं. तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून आईच लिहिते. त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

ते झाड मला सिल्व्हियाने लग्नात दिलं होतं. ती आता माझ्याच शाळेत शिकवते. तिच्या घरी पडवीभर ऑर्किड आहेत. तिला विचारूनच लिहिते आहे.

ब्लेड उकळत्या पाण्यातून काढून घ्या. ज्या कांडीवर पिल्लू आहे ती त्याच्या खाली बोटभर ठेवून कापा, म्हणजे जुन्या कांडीचा तुकडा त्याच्याबरोबर राहील. काळं मूळ जिथून टणक लागतं तिथपर्यंत कापून टाका. जिथे जिथे कापलंत तिथे दालचिनीची पूड लावा. चांगल्या मुळाला लावू नका, ते सुकेल. एक दिवस सावलीत नुसतं ठेवा.

मग दही मिळतं तसला छोटा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्याला खाली आणि बाजूला भोकं पाडा. त्यात कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला. सोडण आधी दोन-तीन पाण्यांतून काढा. पिल्लाची मान वर राहू दे, ती पुरू नका. हलत असेल तर काडीला सैल बांधा. माती नको, शेण नको, कसलंही खत नको. मुळंच नाहीत तर खाणार कशाने? सकाळी थोडं पाणी शिंपडा, संध्याकाळपर्यंत सुकलं पाहिजे. पानं फारच मलूल दिसली तर पाण्याची बाटली अर्धी कापून, बूच काढून वर उपडी ठेवा. म्हणजे हवा दमट राहील.

जगेलच असं सिल्व्हिया म्हणत नाही. दोन मुळांवर कठीण असतं.

हात बरा आहे. फळ्यावर वर लिहिताना थोडा दुखतो.

अक्षया


आचरा,
२० सप्टेंबर २०२४

चि. अक्षया हिस,

तुझं पत्र देवघरात ठेवलं आहे. सुदेश तिथे हात लावत नाही.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. आयुष्यात इतकी मासळी कापली, पण हे कापवेना. काळं मूळ काढल्यावर ते नखाएवढंच उरलं. म्हणजे दोन मुळांचं दीडच झालं म्हण.

एक चूक झाली, ती लपवत नाही. गणपतीच्या गडबडीत मी डबा बाटलीसकट पडवीच्या कठड्यावर ठेवला. त्या दिवशी ऊन पडलं. दुपारी बघते तर बाटलीत वाफ धरलेली आणि एक पान शिजवल्यासारखं झालेलं. मी तिथेच खाली बसले. घरात पाहुणे होते, त्यांना वाटलं चक्कर आली. आता दोन पानं आहेत. बाटली रात्री ठेवते, सकाळी काढते. तुझ्या झाडाला मी हात लावला की काही ना काही वाईटच होतं.

आणखी एक सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सुदेशसाठी देवगडचं एक स्थळ आलं आहे. मुलीचं नाव रसिका. आंब्याच्या कॅनिंगमध्ये हिशेबाला असते. फोटोवरून शांत वाटते. तुळशीच्या लग्नानंतर ती माणसं घर बघायला येणार आहेत.

सुदेश आता पुष्कळ निवळला आहे गो. पीत नाही असं नाही, पण कमी. बोटीचं कर्जही फिटत आलंय, त्यामुळे डोकं शांत असतं. माणूस बदलतो ना? तू रागावू नकोस. मला तुझं मन दुखवायचं नाही. पण मी म्हातारी झाले, घरात कोणीतरी हवं.

मूळ अजून जिवंत आहे. टोकाला हिरवं नाही, नुसतं पांढरं आहे. ते चांगलं की वाईट?

यशोदा


बांदा,
२ ऑक्टोबर २०२४

ती. आई,

पांढरं म्हणजे थांबलेलं. मेलेलं नाही. टोक हिरवं दिसलं तर वाढायला लागलं असं समजा. पाणी वाढवू नका, वाट बघा.

आता दुसऱ्या गोष्टीबद्दल. तुम्ही विचारलंत, माणूस बदलतो ना. मला काय विचारता? तो निवळलाय तो घरात मारायला कोणी नाही म्हणून. मी लग्न करून आले तेव्हा रसिकासारखी मीही फोटोत शांतच दिसत होते.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी होते. त्याने माझा हात पिरगाळला तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या होतात. मला वाटलं, आता तुम्ही मध्ये याल. तुम्ही आलात, पण माझ्या शेजारून पुढे गेलात आणि खिडकी लावून घेतलीत, शेवंतीकाकूंना ऐकू जाऊ नये म्हणून. हाड मोडल्याचं मला आठवतं त्याहून ती खिडकी लावल्याचं जास्त आठवतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, न्हाणीत पाय घसरला. नंतर गावात काय सांगितलंत तेही माझ्या कानावर आलंय. हिचं मन बाहेर होतं, म्हणे.

मी कोर्टात काही बोलले नाही. मला सुटायचं होतं. त्यामुळे आज सुदेश कोऱ्या कागदासारखा मिरवतोय आणि तुम्ही त्याच्यासाठी दुसरी मुलगी आणताय.

झाड जगलं काय आणि मेलं काय, मला फरक पडत नाही. माझ्यावर केलेल्या गोष्टीची भरपाई तुम्ही डब्यातल्या पिल्लावर करू नका.

अक्षया


बांदा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आई,

दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. मी लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, तरी ते टाकून आल्यापासून मला झोप नीट नाही. पत्र सुदेशच्या हाती लागलं का? तसं असेल तर त्याने तुम्हाला काही केलं का? एक कार्ड टाका. 'बरी आहे' एवढंच लिहा.

झाडाबद्दल लिहिलं ते तोडून लिहिलं. थंडी सुरू झाली की पाणी एक दिवसाआड करा. सिल्व्हिया रोज विचारते. मी तिला सांगते, ठीक आहे.

अक्षया


आचरा,
२ डिसेंबर २०२४

चि. अक्षया हिस,

मी बरी आहे. पत्र माझ्याच हाती आलं. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर मला खोडता येईना. मग लिहायचं काय?

पण तू विचारलं नाहीस ते सांगते. तुझं झाड मी खिडकीबाहेरून का काढलं? कोळसाबिळसा सगळं निमित्त होतं. भांडी घासताना समोर ते दिसायचं आणि त्याच्यामागे ती खिडकी. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मागच्या दारी नेलं. तिथे पागोळीचं पाणी पडतं हे मला माहीत होतं. मारायचं म्हणून नेलं नाही, पण जगावं म्हणूनही नेलं नाही.

गेल्या रविवारी देवगडची माणसं आली. मुलीची आई किशोरीताई आणि मामा. त्यांच्या गाडीला वाट दाखवायला सुदेश स्वतः आचरा तिठ्यापर्यंत गेला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. चहा झाला. मामांनी पहिल्या लग्नाचं विचारलं. सुदेश म्हणाला, "तिका हय रमाक नाय. घाटावर नोकरी करूची होती." सगळ्यांनी मान हलवली. मीसुद्धा हलवली. सवयीने हलली बघ.

मग किशोरीताई म्हणाल्या, हात धुवायचे आहेत. मी त्यांना विहिरीकडे नेलं. तिथे शेडच्या सावलीत मी तो दह्याचा डबा ठेवते. त्या वाकून बघायला लागल्या.

"ह्यां कसला झाड?"

"ऑर्किड."

"तुमी लावलास?"

"नाय. माज्या सुनेचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीच्या आईच्या काळजीने हळूच म्हणाल्या, "एक विचारू? ती खरी कित्या गेली? चेडवाची आवस आसंय, म्हणान विचारतंय."

मला वाटलं होतं, अशा वेळी छाती धडधडेल, शब्द सापडणार नाहीत. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "माज्या झीलान तिका मारल्यान. एकदा नाय, खूप वेळा. तिचो हात मोडलो तो पडान नाय, त्येना पिरगाळल्यान म्हणान. तुमच्या चेडवाक हय देव नका."

मग म्हणाल्या, "तेव्हा तुमी खंय होतास?"

"थंयच. त्याच खोलयेत."

"आणि?"

"मी खिडकी लावलंय."

अक्षया, त्या बाईने माझ्याकडे जसं बघितलं तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. तू बघू शकली असतीस, पण तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. आभार वगैरे त्या काही मानल्या नाहीत. आत गेल्या, पर्स उचलली आणि भावाला म्हणाल्या, "चला, गाडी चुकात." त्यांची स्वतःची गाडी दारापुढच्या खळ्यात उभी होती.

रात्री त्यांचा नकाराचा फोन आला. मामांनी कारणही सांगून टाकलं. सुदेश आत आला.

"आये, तू काय सांगलंस तिका?"

"खरां तां."

"माजो संसार तुका बघवना नाय?"

त्याने हात उचलला. तो हात खालून कसा दिसतो ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. तू तो किती वेळा बघितला असशील! मारलं नाही त्याने. भिंतीवरचा आरसा तेवढा फुटला. बॅग भरली आणि तारकर्लीला गेला. आवाज ऐकून शेवंती मधल्या दगडी गडग्यावरून ओरडली, "यशोदे, काय झाला गो?" मी तिला हय ये म्हटलं. आली तशी तिलाही सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती म्हणाली, "माका म्हायत होता." म्हणजे ती खिडकी लावून काही उपयोग झालाच नव्हता. ऐकू गेलंच होतं. मी फक्त तुला एकटं पाडलं.

आता भावकीतले लोक बोलत नाहीत. पोटच्या पोराचं वाटोळं केलं म्हणतात. ते जाऊ दे.

यशोदा


बांदा,
११ डिसेंबर २०२४

ती. आई,

तुमचं पत्र मी शाळेच्या मैदानावर उभ्याने वाचलं आणि पुढच्या तासाला वर्गात गेलेच नाही. सिल्व्हियाने तो तास घेतला.

मला तुम्हाला काही सांगायचं आहे आणि ते वाचून तुमचं माझ्याबद्दलचं मत बदललं तर ते योग्यच होईल.

रसिकाच्या स्थळाची बातमी तुमचं पत्र यायच्या आधीच मला लागली होती. माझी मामेबहीण देवगडला दिली आहे, तिने सांगितलं. तिने रसिकाचा नंबरही पाठवला. म्हणाली, तू एक फोन कर, बाकी काही बोलायला नको. मी नंबर सेव्ह केला. एकदा लावलाही. तिने 'हॅलो, कोण?' म्हटलं आणि मी कट केला. मनात आलं, सोडलेली बायको जळून बोलते असं म्हणतील. तुझाच काही दोष असेल म्हणतील. परत सगळं उकरून निघेल. मी आता कुठे वर्गात हसायला लागले होते. तिचा आवाज लहान मुलीसारखा होता.

मग तुमचं पत्र आलं आणि मी तुम्हाला ते सगळं लिहिलं. वाचताना तुम्हाला तो माझा राग वाटला असेल. तो होताच. पण लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की मी काय करते आहे. जे सांगायची माझी हिंमत नव्हती ते तुमच्याकडून वदवून घ्यायचं, एवढा जोर तुमच्यावर टाकायचा की तुम्हाला गप्प बसता येऊ नये. तुम्ही त्याच घरात राहता, त्याच्यासमोर, याचा विचार मी केला नाही. खरं म्हणजे केला आणि तरी लिहिलं. त्याने हात उचलला हे मी वाचलं. तो हात मी तुमच्यावर उचलवला होता.

तुम्हाला माफ केलं असं लिहावं म्हणून बसले होते. ते अजून येत नाही. उगाच लिहिणार नाही. पण रसिका वाचली ती तुमच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

तिकडे एकट्या राहू नका. सुदेश परत आला तर शेवंतीकाकूंकडे झोपायला जा. खाली माझा नंबर देते आहे. कधीही फोन करा.

झाडाचं मागच्या पत्रात काहीच लिहिलं नाहीत. गेलं असेल तर तसं सांगा. मी रडणार नाही.

अक्षया


आचरा,
२१ डिसेंबर २०२४

चि. अक्षया हिस,

नंबर लिहून ठेवला. फोन करणार नाही, फोनवर मला बोलता यायचं नाही.

तू घाबरलीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. सांगायची पाळी तुझी नव्हतीच. दाराशी मी उभी होते.

सुदेश चार दिवसांपूर्वी आला होता. ताप होता अंगात. मी त्याला पेज दिली, कपाळावर पट्टी ठेवली. दोन दिवस राहिला आणि गेला. पेज देतानाही मला तुझीच लाज वाटत होती. पण मुलगा आहे. तो तापाने पडला तर मी देणार. आणि तो दुसरी मुलगी बघायला निघाला तर तिच्या घरी जाऊन मी सांगणार. या दोन्ही गोष्टी एकाच बाईला कशा जमायच्या ते मला ठाऊक नाही, पण जमवायच्या आहेत.

पिल्लू जिवंत आहे. तुझं जळजळीत पत्र आलं त्या महिन्यात कधीतरी नखाएवढ्या मुळाच्या शेजारून एक नवीन मूळ निघालं. टोक हिरवं आहे, पोपटी म्हण. तिसरं पानही उलगडतंय. तुला लिहिलं नाही, कारण तू लिहिलं होतंस भरपाई करू नका म्हणून. हे भरपाईत धरू नकोस. ते तुझं आहे आणि सिल्व्हियाच्या पडवीत माझ्यापेक्षा बरं वाढेल.

येत्या गुरुवारी कुडाळवरून बांद्याच्या गाडीने येते आहे. डबा मांडीवर घेऊन येईन. तुझी माफी मागायला येत नाही, तो त्रास तुला देणार नाही. मला तुझ्या आईला भेटायचं आहे. दवाखान्यातून त्यांना, राधाबाईंना, फोन मीच केला होता, हे तुला माहीत नसेल. मी म्हटलं, काळजी करू नका, न्हाणीत पाय घसरला. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमी आसास थंय, म्हणान माका घोर नाय." नंतर तुझ्याकडून त्यांना सगळं कळलंच असेल. पण माझ्या तोंडून कळलेलं नाही. ते त्यांच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे.

मी खळ्यातच उभी राहीन. दार उघडायचं की नाही ते त्यांच्यावर सोड. तू मध्ये बोलू नकोस.

यशोदा